मातींतले जीव व रानांतले जीव

श्रोतेहो, माती मळून, तिला आकार देऊन, ती भाजून टिकाऊ करण्याची विद्या मनुष्याला साध्य झाली तेव्हांपासून त्यानें त्या मातीचीं केवळ भांडींच घडविलीं असें नाहीं. आपल्या भोंवतालची जीवसृष्टीहि त्यानें तींत उतरविली. मिसर देशांतील लोक गारेची पूड मळून तिचे शेणकिड्याच्या आकाराचे ताईत करीत, त्यांवर निळी-हिरवी झिलई चढवीत आणि ते जिवंतांच्या अंगावर व मृतांच्या थडग्यांत ठेवीत. शेणाचा गोळा ढकलीत नेणारा हा क्षुद्र कीटक त्यांना सूर्यबिंब ढकलीत नेणाऱ्या देवतेचें रूप वाटे. आपल्याकडेहि खिडकीच्या कोपऱ्यांत चिखलाचें घर बांधणाऱ्या माशीला आपण कुंभारीण म्हणतों. तात्पर्य, कुंभार आणि कीटक यांचें नातें जुनें आहे. आज या नात्याविषयीं, एका फ्रेंच कुंभाराच्या चरित्राच्या आधारें, चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

या कुंभाराचें नांव बर्नार्ड पालिसी. इंग्रजी शाळांतून शिकलेल्या जुन्या पिढीला हें नांव अपरिचित नसावें. सॅम्युएल स्माइल्स या ग्रंथकारानें इ. स. १८५९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘सेल्फ हेल्प’ नांवाच्या पुस्तकांत चिकाटीचें उदाहरण म्हणून पालिसीची कथा दिली आहे. भट्टीचा जाळ विझूं नये म्हणून ज्यानें घरांतलीं मेजें आणि जमिनीच्या फळ्यासुद्धां आंत घातल्या, तो हा गृहस्थ. परंतु चिकाटीचा धडा घेऊन झाला म्हणजे पालिसी संपला असें मात्र नव्हे. त्यानें जें पाहिलें, जें लिहिलें आणि ज्याचा त्याला संताप आला, तें आजच्या दिवसांत आपल्या अधिक कामाचें आहे.

पालिसीचा जन्म इ. स. १५१० च्या सुमाराचा. तो लहानपणीं कांचेवर चित्रें रंगविण्याचें काम शिकला आणि देशोदेशीं फिरून शेवटीं फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळील सैंत या गांवीं स्थायिक झाला. लॅटिन किंवा ग्रीक त्याला येत नव्हतें, आणि आपल्याला तें येत नाहीं हें तो पुढें भर सभेंत सांगत असे. एके दिवशीं झिलई चढविलेला एक सुंदर प्याला त्याच्या दृष्टीस पडला, आणि तसली शुभ्र झिलई आपण करावयाची असा त्याला ध्यासच लागला. वस्तुतः तोंपर्यंत त्यानें मातीला हातहि लावला नव्हता. अंधारांत चांचपडणाऱ्या मनुष्याप्रमाणें त्यानें निरनिराळीं द्रव्यें कुटून, खापरीच्या तुकड्यांवर लावून, तीं भाजून पाहण्यास आरंभ केला. असे तुकडे शेंकड्यांनीं वांयां गेले. मधून मधून पोटासाठीं त्याला दुसरीं कामें करावीं लागत. समुद्रकांठच्या मिठागरांची मोजणी करण्याचें सरकारी काम त्याला मिळालें, त्यावर कांहीं दिवस निघाले, आणि हातांत चार पैसे येतांच तो पुन्हां भट्टीपाशीं जाऊन बसला.

पुढें एका कांचकारखान्याच्या भट्टींत ठेवलेल्या तीनशेंहून अधिक मिश्रणांपैकीं एकच मिश्रण वितळून पांढरें व तुकतुकीत निघालें. तेवढ्या एका तुकड्याच्या भरंवशावर त्यानें स्वतःच्या हातांनीं भट्टी बांधली. याच भट्टीपुढें तो सहा दिवस व सहा रात्री बसून होता. लांकूड सरलें तेव्हां प्रथम बागेंतल्या वेलींचे आधार आणि मग घरांतलें सामान त्यानें जाळांत घातलें. शेजारीपाजारी म्हणूं लागले कीं हा खोटीं नाणीं पाडतो. घरांत बायकोचे बोल ऐकावे लागले तें निराळेंच. एका खेपेस भट्टीच्या गिलाव्यांतील गारगोट्या उष्णतेनें फुटून त्यांच्या कपच्या सर्व भांड्यांवर चिकटून बसल्या. तीं भांडीं कमी किंमतीस घेण्यास लोक तयार होते. पण आपल्या नांवावर हिणकस माल जाऊं नये म्हणून त्यानें तीं सारीं फोडून टाकलीं. हा सर्व वृत्तांत त्यानें स्वतःच इ. स. १५८० च्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेवला आहे.

आतां त्यानें एवढ्या खटपटीनें बनविलें तरी काय? साधीं ताटें-वाट्या बनवून तो थांबला नाहीं. त्याच्या लंबवर्तुळाकार मोठ्या थाळ्यांत मध्यभागीं पाण्याचें डबकें असतें, त्यांत मासे पोहत असतात, कांठावर बेडूक, सरडे, साप, खेंकडे, शिंपले, नेचे व पानें अशी सारी दाटी असते. हे जीव हातानें कोरलेले नसत. खऱ्या प्राण्याच्या शरीरावरूनच सांचा घेऊन त्या सांच्यांत माती दाबून ते काढलेले असत. त्यामुळें सापाच्या अंगावरचा एकेक खवला आणि पानाची एकेक शीर जशीच्या तशी उमटे. त्याच काळीं जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें वेंझेल याम्नित्सर नांवाचा सोनार हीच युक्ति चांदींत करून किडे व सरडे ओतीत होता. सोळाव्या शतकाच्या शेवटीं लिहिलेलें एका कारागिराचें हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्यांत असे प्राणी कसे पकडावे, शिरक्यासारख्या द्रवांत बुडवून अंगाला इजा न होतां कसे मारावे व त्यांचा सांचा कसा घ्यावा, याची कृति दिली आहे.

रंग चढवितांना तर प्रत्येक जीव पालिसीची निराळी परीक्षा पाहूं लागला. त्यानेंच लिहिलें आहे कीं, सापाचा रंग वितळण्यापूर्वींच सरड्याचा हिरवा रंग जळून जाई. आणि साप, खेंकडे व कांसवें यांचे रंग नीट वितळले तरी पांढऱ्या रंगाला अजून तेज आलेलें नसे. एकाच आंचेवर हे सर्व रंग सारखे उतरावे यासाठीं प्रत्येकाचें द्रव्य त्याला वेगवेगळ्या प्रमाणांत बसवावें लागलें. एकंदर पंधरा-सोळा वर्षें यांत गेलीं. श्रोतेहो, या गोष्टीकडे केवळ कारागिरीची अडचण म्हणून पाहूं नका. जो मनुष्य वर्षानुवर्षें सरड्याची हिरवाई आणि बेडकाचा पिंगट रंग यांच्याशीं झुंजत बसतो, त्याला सरडा व बेडूक ‘क्षुद्र’ वाटणें पुढें शक्यच नसतें. डबकीं, ओढे आणि झुडुपें हींच त्याची शाळा होती, आणि तेथले रहिवासी हेच त्याचे गुरु होते.

या कामानें त्याची कीर्ति झाली. आन द माँमोरांसी हा फ्रान्सचा सरसेनापति सैंतोंज प्रांतांत आला असतां पालिसीचें काम पाहून प्रसन्न झाला, आणि आपल्यासाठीं मातीच्या जीवजंतूंनीं भरलेली एक कृत्रिम गुहा करण्याचें काम त्यानें त्याजवर सोंपविलें. परंतु पालिसी हा प्रॉटेस्टंट पंथाचा होता. इ. स. १५६२ मध्यें फ्रान्समध्यें धर्मयुद्ध पेटलें तेव्हां त्याला पकडून बोर्दो येथें तुरुंगांत टाकण्यांत आलें. माँमोरांसी व राजमाता कॅथरीन द मेदिची यांच्यामुळें तो सुटला, आणि राजाचा खास कारागीर अशी पदवी मिळाल्यामुळें कांहीं काळ त्याच्या जिवाचा धोका टळला.

तुरुंगांतून सुटल्यावर इ. स. १५६३ मध्यें ला रोशेल येथें त्यानें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत बागेची रचना आहे, खतासंबंधीं विचार आहे, धर्माची चर्चा आहे. परंतु आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील जंगलाविषयींचा भाग सर्वांत महत्त्वाचा होय. पालिसी म्हणतो, कीं आमच्या देशांतील जमीनदार आणि धर्मगुरुसुद्धां तात्पुरत्या लाभासाठीं रानेंच्या रानें तोडून टाकीत आहेत, आणि त्या जागीं पुन्हां एक झाडहि लावण्याची कोणाला दरकार नाहीं. ही नुसती चूक नव्हे. हा सगळ्या देशाला लागलेला शाप आहे, असें त्याचें म्हणणें. रानें संपलीं म्हणजे कोणकोणते धंदे बुडतील याची यादी करावयास आपण बसलों, पण ती कधीं संपेचना, असेंहि तो सांगतो. सुतार, लोहार, कोष्टी, नावाडी, भटारी, गवंडी, ज्याचें म्हणून नांव घ्यावें त्याचें काम शेवटीं लांकडापाशीं येऊन थांबतें. ज्याच्याजवळ वतनी जमीन आहे त्यानें थोड्या भागांत तरी झाडें लावावींत, कारण बाप झाड लावतो तें मुलासाठीं, हा त्याचा मुद्दा. फ्रान्सच्या राज्यांत वनें व नद्या यांच्या रक्षणाचा व्यवस्थित मोठा कायदा झाला तो इ. स. १६६९ मध्यें, म्हणजे पालिसीच्या पुस्तकानंतर १०६ वर्षांनीं.

येथें एखादा चाणाक्ष श्रोता विचारील, “हा उपदेश कुंभारानें करावा काय? लांकडावर तर त्याचाच सर्वांत मोठा घाला! ज्यानें भट्टीसाठीं घरांतल्या फळ्या जाळल्या, त्यानें रानांचा कैवार घ्यावा ही विसंगति नव्हे काय?” प्रश्न रास्त आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या सरड्या-बेडकांचें सौंदर्य त्यानें अजरामर केलें, त्यांना सांच्यासाठीं प्राणास मुकावें लागत होतें, हेंहि खरें. परंतु माझ्या मतें याच विसंगतींत त्याच्या बोलण्याचें वजन आहे. लांकडाची खरी किंमत वखारवाल्याला दिसते ती भावांत आणि सरदाराला दिसते ती वसुलांत. पण सहा रात्री भट्टीच्या तोंडाशीं बसून मोळ्या संपत चाललेल्या ज्यानें पाहिल्या, त्याला ती वेगळ्याच रीतीनें कळलेली असते. लांकूड संपतें, हें त्याला ऐकून ठाऊक नव्हतें. अंगावर बेतून ठाऊक झालें होतें. आपण निसर्गाकडून घेतों हें पालिसीनें कधींच लपविलें नाहीं. घेतल्यावर परत लावण्याचें कर्तव्य मात्र त्यानें सांगितलें. घेणें अपरिहार्य आहे म्हणून न मोजतां घ्यावें, असा निष्कर्ष त्यानें काढला नाहीं. आणि आपणहि काढूं नये.

पुढें तो पॅरिसला गेला. तेथें राजमातेच्या त्विलरी या नव्या राजवाड्याच्या बागेसाठीं त्यानें व त्याच्या मुलांनीं मातीच्या जीवांनीं नटलेली गुहा करण्याचें काम घेतलें. या परिसरांत गेल्या दोन शतकांत खोदकामें झालीं, त्यांत त्याच्या कारखान्याचे अवशेष, सांचे आणि फुटके तुकडे मोठ्या संख्येनें मिळाले. इ. स. १५७५ पासून त्यानें पॅरिसमध्यें निसर्गविषयावर जाहीर व्याख्यानें दिलीं. ऐकावयास येणाराकडून तो एक सुवर्णनाणें घेई, आणि आपलें म्हणणें कोणी खोटें ठरविल्यास चौपट परत करण्याची त्याची तयारी असे. आंब्रुआज पारे या विख्यात शस्त्रवैद्यासारखे विद्वान त्याच्या श्रोत्यांत होते. झऱ्यांचें पाणी हें पावसाचेंच जमिनींत मुरलेलें पाणी होय, हें तत्त्व त्यानें त्या काळीं स्पष्टपणें मांडलें. आणि दगडांत सांपडणारे शिंपले हे निसर्गाचे खेळ नसून खरोखर जगलेल्या जीवांचे अवशेष आहेत, असेंहि त्यानें प्रतिपादन केलें.

या शिंपल्यांच्या विचारांतच आपल्या विषयाचा गाभा आहे. दगडांत मिळणारे कांहीं जीव आज कोठें जिवंत आढळत नाहींत, हें पालिसीच्या ध्यानांत आलें. याचें कारण काय असावें? त्याचें उत्तर असें, कीं खाण्यास चांगले म्हणून मनुष्यानें ते इतके पकडले कीं त्यांचें वाणच नाहींसें झालें. आणि याच कारणानें कित्येक ठिकाणीं सामन माशाचें वाणहि नष्ट होऊं लागलें आहे. आज आपण जाणतों कीं दगडांतील त्या प्राचीन जीवांच्या नाशाला मनुष्य कारण नव्हता. मनुष्याचा जन्म होण्याच्या कित्येक कोटी वर्षें आधींच ते गेले होते. म्हणजे दगडांतल्या जीवांपुरतें पालिसीचें उत्तर बरोबर नव्हतें. तथापि, प्राण्याची एखादी जातच्या जात पृथ्वीवरून कायमची पुसली जाऊं शकते, आणि तें मनुष्याच्या हातून होऊं शकतें, हा विचार त्यानें इ. स. १५८० मध्यें छापून प्रसिद्ध केला. क्युव्हिए या शास्त्रज्ञानें पॅरिसमध्येंच इ. स. १७९६ मध्यें प्राणिजाति नष्ट होतात हें सप्रमाण सिद्ध केलें, त्यास मध्यें २१६ वर्षें जावीं लागलीं. ईश्वरनिर्मित जाति नष्ट होणेंच शक्य नाहीं, असें मानण्याच्या त्या युगांत ज्याला लॅटिन येत नव्हतें अशा एका कुंभारानें हें ओळखावें, याचें मला फार कौतुक वाटतें.

पालिसीचा शेवट मात्र चांगला झाला नाहीं. पंथ सोडण्यास त्यानें नकार दिला, आणि वृद्धापकाळीं त्याला पुन्हां कैद झाली. इ. स. १५९० च्या सुमारास पॅरिसच्या बास्तीय तुरुंगांत हालअपेष्टांत त्याचें देहावसान झालें. त्याची झिलईची विद्याहि बरीचशी त्याच्याबरोबरच गेली.

एकोणिसाव्या शतकांत मात्र या कलेला पुन्हां पालवी फुटली. फ्रान्समधील तूर या गांवच्या शार्ल-झाँ आव्हिसो या कुंभारानें स्वतः प्रयोग करून पालिसीच्या धर्तीच्या थाळ्या पुन्हां बनविल्या. इंग्लंडांत मिंटनच्या कारखान्यानें आपली रंगीबेरंगी झिलईचीं भांडीं इ. स. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत मांडलीं. पोर्तुगालमधील काल्दस द राइन्या या गांवांत तर ही एक परंपराच झाली. तेथील थाळ्यांवर फुलपांखरें, भुंगे व सुरवंट मोठ्या हौसेनें बसूं लागले. प्रसिद्ध व्यंगचित्रकार राफाएल बोर्दालो पिन्येइरो यानें इ. स. १८८४ मध्यें त्याच गांवीं कारखाना काढला, आणि बेडूक, गोगलगायी, गांधीलमाशा यांना मातींत नवा जन्म दिला. पालिसीच्या थाळ्यांत पाण्याकांठच्या जीवांची गर्दी होती. आतां कीटकहि मानाच्या जागीं आले. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत भिंतीवर सुरवंट शोभूं लागला.

परंतु दैवदुर्विलास असा, कीं ज्या काळांत मातीचे कीटक घरोघर पोंचले त्याच काळांत रानांतले कीटक नाहींसे होऊं लागले. उत्तर अमेरिकेंत इ. स. १८७० नंतरच्या दशकांत ज्या टोळधाडींनीं आकाश झांकून टाकलें, त्या रॉकी पर्वताच्या टोळाचा शेवटचा जिवंत नमुना इ. स. १९०२ मध्यें मिळाला; त्यानंतर तो कोणास दिसला नाहीं. ज्या नदीखोऱ्यांत तो अंडीं घाली तीं खोरीं नांगराखालीं आल्यामुळें तो नष्ट झाला असावा, असें अभ्यासकांचें मत आहे. कोट्यवधींच्या संख्येनें येणारा जीव तीस वर्षांत संपूं शकतो, याहून मोठा इशारा कोणता हवा? सॅन फ्रान्सिस्को येथील वाळूच्या टेकड्यांवर राहणारें झर्सीस नांवाचें एक लहानसें निळें फुलपांखरूं, शहर वाढतां वाढतां, इ. स. १९४० नंतरच्या दोन-चार वर्षांत कायमचें गेलें. जर्मनींत क्रेफेल्ड येथील मंडळींनीं, ज्यांत हौशी अभ्यासकांचा भरणा होता, इ. स. १९८९ ते २०१६ या २७ वर्षांत ६३ संरक्षित जागीं सांपळे लावून उडत्या कीटकांचें वजन केलें. तें ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचें इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालें. लक्षांत घ्या, या जागा संरक्षित होत्या! रान तोडणें, जमीन सलग एकाच पिकाखालीं आणणें, कीटकनाशकांची फवारणी, हवामानांतील पालट, हीं या ऱ्हासाचीं कारणें म्हणून शास्त्रज्ञ दाखवितात.

कोणी म्हणेल, किडे कमी झाले तर बरेंच झालें. ज्यांनीं घरांत झुरळें आणि शेतांत अळ्या सोसल्या त्यांच्या तोंडीं हे उद्गार येणें स्वाभाविक आहे. परंतु जगांतील मुख्य अन्नपिकांच्या प्रकारांपैकीं सुमारें ७५ टक्के पिकें थोड्याबहुत प्रमाणांत तरी परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत, आणि त्या प्राण्यांत मोठा वांटा कीटकांचाच आहे. शेण मातींत मिळविणारा तो मिसरी देवतेचा भुंगा आणि त्याचे भाऊबंद नसतील तर कुरणें घाणीनें झांकून जातील. पालिसीनें लांकूड संपल्यावर बुडणाऱ्या धंद्यांची यादी करण्याचा प्रयत्न केला होता. कीटक संपल्यावर बुडणाऱ्या गोष्टींची यादी करावयास आज कोणी बसला तर त्याचीहि तीच गत होईल.

अलीकडे अनेक देशांतील कलावंत भाजलेल्या मातीच्या व चिनी मातीच्या मधमाशा, पतंग व भुंगे घडवूं लागले आहेत, आणि नष्ट होणाऱ्या जीवांची आठवण लोकांना देत आहेत. कांहींना हें नवें खूळ वाटतें. मला तर ती पालिसीचीच चारशें साठ वर्षांची जुनी वाट दिसते. माती हें या कामाला योग्य द्रव्यहि आहे. तें पडल्यास फुटतें, म्हणून जपावें लागतें. आणि नीट जपल्यास शतकानुशतकें टिकतें.

शेवटीं एकच गोष्ट सांगून हें भाषण पुरें करतों. पालिसीच्या थाळींतला सरडा फुटला तर सांच्यांतून दुसरा काढतां येत असे. पॅरिसच्या खोदकामांत तसले सांचे मिळाले आहेत, आणि पोर्तुगालांतल्या कारखान्यांत जुन्या सांच्यांवरून आजहि माल निघतो. रानांतल्या सरड्याचा, टोळाचा, फुलपांखराचा सांचा म्हणजे त्याची जात. एकेक जीव मरतो, त्याच्या जागीं दुसरा येतो, कारण सांचा शाबूत असतो. तो सांचाच फुटला म्हणजे मग कोणत्याहि कुंभाराच्या भट्टीला, कितीहि लांकूड घातलें तरी, तो जीव पुन्हां देतां यावयाचा नाहीं. संग्रहालयांतला मातीचा भुंगा पाहून आपलीं मुलें ‘असा किडा खरोखर होता का हो?’ असें विचारूं लागण्याच्या आधीं, आपल्या आवारांतलें एखादें झुडूप न तोडणें, बागेंतल्या फवारणीला थोडा आवर घालणें आणि खिडकींतल्या कुंभारणीचें घर झाडूनें पाडण्यापूर्वीं क्षणभर थांबणें, एवढें तरी आपल्यापैकीं प्रत्येकाच्या हातीं आहे.